तिच्या बाजूची वकील

४ जानेवारी

हो म्हणणाऱ्या माणसाला खरंच हो म्हणायचं आहे, हे कशावरून ओळखायचं? मुलाखतीत मॅडमनी एवढा एकच प्रश्न विचारला आणि मला उत्तर आलं नाही. सहीवरून, असं तोंडाशी आलं होतं, पण ते इतकं बावळट वाटलं की गिळून टाकलं. शेवटी म्हणाले, "मला नाही सांगता येणार." मॅडम हसल्या. "ज्यांना लगेच सांगता येतं त्यांना मी घेत नाही. सोमवारपासून ये."

घरी सांगितलं तर दादा म्हणतो, "उत्तर आलं नाही म्हणून नोकरी? मग मला तर न्यायाधीशच करायला हवं." वहिनीने पिल्लूला उचलून गरकन फिरवलं, "आत्या वकील झाली गं तुझी!" ताईला दुकानात फोन केला. पलीकडे नुसतं शिलाई मशीन थांबल्याचं कळलं, मग नाक ओढल्याचं. ताईचं कपडे उसवून लहानमोठे करून द्यायचं दुकान आहे. माझा काळा कोट तिनेच शिवला, खांद्यात जरा सैल. म्हणाली होती, "वाढशील अजून."

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. माळ्यावर चढताना एकजण वर आणि बाकीचे खालून त्याचे पाय धरून ढकलत असतात ना, तसं मला ढकललंय सगळ्यांनी. आता वरून काहीतरी चांगलं काढून खाली देणं माझं काम.

११ जानेवारी

कामाचं स्वरूप कळलं. ज्यांना मूल होत नाही आणि जे दुसऱ्या बाईच्या पोटी वाढवायचा किंवा दात्याकडून बीज घ्यायचा विचार करतात, ते मॅडमकडे आधी कायदा समजून घ्यायला येतात. कागदोपत्री आईबाप कोण, दात्याला हक्क काय, मुलाला मोठं झाल्यावर कळवायचं का, मधेच नवराबायको वेगळे झाले तर काय. मॅडम म्हणतात, "मूल पोटात येण्याआधी जेवढं भांडायचं तेवढं इथे भांडून घ्या. नंतर भांडायला तिसरा माणूस आलेला असतो."

आणि नियम असा की जी बाई गर्भ वाढवणार तिला तिचा वेगळा, स्वतंत्र वकील हवा. ऑफिसच्या मागे एक लहान खोली आहे. तिचा दरवाजा मागच्या गल्लीत उघडतो. त्या दारावर माझ्या नावाची पाटी लागली. पहिल्याच आठवड्यात! त्या खोलीत मी तिच्या बाजूची. तिथलं बोलणं तिच्या-माझ्यात. एवढा विश्वास नवख्या पोरीवर कोण टाकतं?

२० जानेवारी

माझी पहिली अशील. शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवते-उतरवते. चुलत बहिणीसाठी मूल वाढवणार आहे. प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत होती आणि दरवेळी "सॉरी हं" म्हणत होती. निघताना दाराशी थांबली. "लांबून का होईना, बघायला मिळेल ना मूल? वाढदिवसाला तरी? मी काही मागणार नाही. पण तुम्ही त्यांना आत्ता बोलू नका. मीच बोलेन, तिची कळी खुललेली बघून."

संध्याकाळी मॅडम मला चहाला बोलावतात. रोजच. आज विचारलं, "कशी वाटली? कुठे अडखळली?" मी सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "तुझ्यासमोर माणसं उघडी होतात. ही शिकून येणारी गोष्ट नाही." घरी येईपर्यंत अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

२ फेब्रुवारी

करारनामा तयार होऊन आला. त्यात एक नवं कलम आहे: जन्मानंतर मुलाशी कोणताही संबंध नाही, वाढदिवस वा तत्सम प्रसंगीही नाही. मॅडमना किती पुढचं दिसतं! मी तर अजून त्या मुद्द्याचा मसुदाही केला नव्हता.

बसवाल्या बाईंनी वाचलं. मला वाटलं रडतील, मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी सही केली. उठताना म्हणाल्या, "तुमची पाटी छान आहे." काय म्हणायचं होतं कोण जाणे.

१६ फेब्रुवारी

ताई आणि भाऊजी आले होते. गेल्या गरोदरपणात ताईचा जीव वाचवताना डॉक्टरांनी गर्भाशय काढलं, तेव्हापासून आमच्या घरात मूल हा शब्दच कुणी काढत नाही. आज दादाने काढला. "ठरलंय. ताई-भाऊजींचं बाळ ही वाढवणार." वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. लाँड्रीत दिवसभर इस्त्री करून आली तरी घरी तिचे हात थांबत नाहीत. मान वर न करता म्हणाली, "हो. मी म्हटलंय तसं." आई रडली, भाऊजी रडले, ताईने वहिनीला घड्यांसकट मिठी मारली.

मी म्हटलं, मग सगळं रीतसर करू. वहिनीला तिचा वेगळा वकील हवा.

"घरच्या घरात कसली वकिली?" दादा म्हणाला. "आपलेच दात, आपलेच ओठ."

"चावलं की दुखतं दोन्हीकडून, म्हणूनच," मी म्हटलं.

"ऐका, वकीलबाई बोलल्या!" भाऊजी डोळे पुसत हसले.

ताई म्हणाली, "मग हीच बसेल की वहिनीजवळ. तिचं ऐकते ती."

१७ फेब्रुवारी

मॅडमना विचारलं, मी ताईची सख्खी बहीण, मला बसता येईल का? मॅडम म्हणाल्या, "स्वतंत्र म्हणजे समोरच्या बाजूचा वकील नको, एवढंच. तुझ्या ताईची वकील मी. वहिनीची तू. तुझ्याइतकं तिला कोण ओळखतं?" बरोबरच आहे. तरी घास चावताना दाताखाली खडा आल्यासारखं झालं. चहाबरोबर गेला तो.

२५ फेब्रुवारी

वहिनी मागच्या दाराने आली. खुर्चीच्या अगदी कडेला बसली. "इथे तुला अगं म्हणू की अहो?" दोघी हसलो. मग मी शिकवल्याप्रमाणे सुरू केलं. "वहिनी, तुला नको असेल तर नाही म्हणता येतं. आत्ता, उद्या, सही केल्यावरही. गर्भ ठेवेपर्यंत केव्हाही."

"नाही म्हणता येतं गं. नाही म्हटल्यावर त्याच घरात राहता येतं का, ते कुठल्या पुस्तकात आहे?"

तिने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

"पिल्लू झाली ना, वन्सं, ती मला माझी वाटेचना. सगळे म्हणायचे, किती गोड. मला ती रडली की अंगावर काटा यायचा. तू परीक्षेच्या गडबडीत होतीस, आई तुमच्या मावशींकडे होत्या. एकदा तिला दुपट्यात गुंडाळून जिन्यात ठेवलं आणि बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले. बस उशिरा आली म्हणून परत आले मी. माया आली म्हणून नाही. माया वर्षाने आली." मग म्हणाली, "ते परत सुरू होणार. मला माहीत आहे. आणि दरवेळी बस उशिरा येत नाही."

मी उठून तिच्याजवळ जाऊन बसले. तिचे हात इस्त्रीच्या चटक्यांनी कडक झालेत.

"तुझ्या दादालाही ठाऊक नाही हे. या कानाचं त्या कानाला करू नकोस."

"मी तुझी वकील आहे," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य खरं वाटलं.

२६ फेब्रुवारी

मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणजे कुणी बाहेरच्या नाहीत. अवघड केस असली की एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरला विचारतोच. मी काही चहाटळपणे बोलले नाही, मला मार्ग हवा होता.

मॅडमनी कप खाली ठेवला. "म्हणजे बाळाचा लळाच लागला नाही तिला?"

"वर्षभर नाही."

"हं." माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरं केलंस. बघते मी."

डोक्यावरचं ओझं उतरलं. मॅडम आता ताईला अशा काही बेताने समजावतील की वहिनीचं नावही येणार नाही. त्यांना ते जमतं.

७ मार्च



ताईकडे जेवायला होतो सगळे. ताई आनंदात होती, वहिनीला बसल्या जागी वाढत होती. म्हणाली, "या खेपेला तुला काहीसुद्धा बघायला लागणार नाही. झालं की लगेच बाळ माझ्याकडे. तुला हातात घ्यायचीही वेळ येणार नाही." वहिनी हसली. मग ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आणि तसंही, तुला कुठे लळा लागतो बाळाचा? देवानेच योजना केल्यासारखं झालं बघ. दुसरी कुणी असती तर देताना जीव तुटला असता तिचा."

दादाने विचारलं, "म्हणजे?" ताई म्हणाली, "बायकांचं आहे, तू जेव."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. ओळख नसलेल्या माणसाकडे बघतात तसं. मग ती पिल्लूला भरवायला लागली आणि पिल्लू म्हणाली, "आई, माझं तोंड भरलंय."

९ मार्च

मॅडमना विचारलं. उभ्यानेच.

"हो, मीच सांगितलं तुझ्या ताईला," त्या म्हणाल्या, कागद बाजूला न करता. "तिला एकच भीती होती, भावजय शेवटी बाळ सोडेल का. ती गेली. वाईट काय झालं?"

"ती बाई मला नको म्हणत होती, मॅडम! ते तिच्या नकाराचं कारण होतं!"

"तोंडाने नको म्हणाली?"

आठवून बघितलं. तोंडाने नव्हती म्हणाली.

"मी तुम्हाला माझ्या गुरू म्हणून सांगितलं."

"आणि मी तुझ्या ताईची वकील म्हणून ऐकलं. दोन्ही खरं आहे." मग आवाज मऊ केला, तोच चहाचा आवाज. "माझ्याकडे आजवर एकही बाई मधेच फिरलेली नाही. का? कुठे फिरेल ते मला आधी कळतं. मुलं जन्मली आहेत त्यातून, घरं भरली आहेत. तुला काय वाटलं, मधली भिंत कशासाठी आहे?"

भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीचा कान मी होते, पगारी.

मागच्या खोलीत जाऊन बसले. बसवाल्या बाई, वाढदिवस, ते कलम. मला मॅडमना पुढचं दिसतं असं वाटलं होतं. मीच तर दाखवत होते त्यांना, रोज संध्याकाळी, दोन चमचे साखर घालून.

१० मार्च

ताईच्या दुकानात गेले. ती एका पँटची शिवण उसवत होती. मी म्हटलं, ताई, वहिनीला हे नको आहे.

तिला आश्चर्य वाटेल असं मला वाटलं होतं. तिने ब्लेड थांबवलंसुद्धा नाही.

"माहीत आहे मला. तिचं तोंड वाचता येत नाही होय मला?"

"माहीत असून?"

"म्हणून तर तुझ्याकडे पाठवली. तू गोड बोलून समजावशील, कायद्याच्या चार गोष्टी सांगशील, तिची भीड मोडेल. तुझ्याशिवाय होतं कोण माझं?"

"मी तिची वकील म्हणून बसले होते, ताई."

आता तिने वर बघितलं. "तू माझी बहीण म्हणून जन्मलीस." मग एकदम तिचा चेहरा कोसळला. "मी दिवसभर लोकांचे कपडे उसवते गं. पोट सुटलं म्हणून बायका येतात, सैल करून द्या म्हणतात, सातवा लागला म्हणतात, आणि मी त्यांच्या पोटाभोवती टेप धरते. हे हात बघ. नऊ महिने तिचे जातील. माझं आयुष्य जातंय."

मला तिला जवळ घ्यायचं होतं. घेतलंही. आणि तिला जवळ घेऊनच मला कळलं की या दुकानातून मला माझी ताई आता परत मिळणार नाही, मी काहीही केलं तरी. तिने मला शिकवलं ते मी मोठी व्हावी म्हणून, असं मी सगळ्या जगाला सांगत आले. हत्यारालाही धार लावतातच की कुणीतरी प्रेमाने.

हे वाक्य लिहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली. पण खोडत नाही.

१४ मार्च

बसवाल्या बाईंना फोन केला. कलम कुठून आलं ते सांगितलं, आणि दुसऱ्या वकिलाकडे जाऊन ते काढून टाकायला सांगता येईल हेही. त्या म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं. तुम्हाला कळलेलं नाही, हेही कळलं होतं. म्हणून काही बोलले नाही."

मग लाँड्रीत गेले. वाफेने खोली भरलेली. वहिनी चादरी ओढून ओढून सरळ करत होती.

"माफी मागायला आली असशील तर कोपऱ्यात बस, इथे वाटेत नको."

मी म्हटलं, "समितीसमोर मी सांगते, तुझी इच्छा नाही म्हणून." दोन्ही बाजू रुग्णालयाच्या समितीपुढे उभ्या राहतात, आणि बाईच्या वकिलाने आपल्या तोंडाने सांगायचं असतं की स्वतंत्र सल्ला दिला, बाई खुशीने तयार आहे. त्याशिवाय पुढे काही होत नाही.

वहिनीने इस्त्री उभी ठेवली. "खबरदार. माझ्या वतीने नाही म्हणायचं नाही. मला त्या घरात राहायचंय, त्या माणसाबरोबर, त्या आईंबरोबर. ताईंना बाळ नाकारणारी म्हणून मी मरेपर्यंत त्या घरात जेवायचं?"

"मग काय करू?"

"तू शिकलेली आहेस," ती म्हणाली. टोमणा होता की विनंती, वाफेत दिसलं नाही.

१६ मार्च

समितीची तारीख जवळ आली. गेले नाही तर मॅडम दुसऱ्या कुणाला त्या खोलीत बसवतील. गेले आणि नेहमीचं वाक्य बोलले तर वहिनी जाईल. खरं कारण सांगितलं तर वहिनीचं घर जाईल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आई म्हणाली, "जेवत का नाहीस? ताईचं चांगलं होतंय ते बघवत नाही का तुला?" गमतीने म्हणाली असेल.

२ एप्रिल

बरेच दिवस लिहिलं नाही. जे झालं ते करून झालेलं आहे.

समितीत पाच-सहाजण होते, अध्यक्ष एक म्हाताऱ्या डॉक्टर. एका बाजूला ताई, भाऊजी, मॅडम. दुसऱ्या बाजूला वहिनी आणि मी, दादा मागे. डॉक्टरांनी मला विचारलं, "यांना तुम्ही स्वतंत्र सल्ला दिलात?"

"नाही," मी म्हटलं.

मॅडम झटकन म्हणाल्या, "घाबरली आहे ती, पहिलीच वेळ—"

"मी स्वतंत्र नाही. मी यांची नणंद आहे, त्यांची सख्खी बहीण आहे आणि मॅडमची ज्युनिअर आहे. आमच्या ऑफिसला दरवाजे दोन आहेत, ऑफिस एकच आहे. यांनी मला विश्वासाने जे सांगितलं ते मी दुसऱ्या खोलीत नेलं. यांच्या आधीच्या बाईचंही नेलं. माझ्या सल्ल्याला काही किंमत नाही. तो धरू नका."

"काय सांगितलं होतं यांनी?"

"ते मी सांगणार नाही."

"यांची तयारी आहे की नाही?"

"मला विचारू नका. उत्तर द्यायचा हक्क मी घालवलाय."

डॉक्टरांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग त्यांनी कामकाज थांबवलं. वहिनीला बाहेरचा वकील नेमला, आणि त्यांच्या समुपदेशक बाईंनी तिला एकटीला आत नेलं. दादा उठला तर त्याला म्हणाल्या, "तुम्ही बसा." दार बंद झालं. त्या दाराला पलीकडून दुसरी खोली नव्हती.

पुढच्या आठवड्यात निर्णय आला. प्रकृतीच्या दृष्टीने योग्य नाही. कारण द्यायची त्यांच्यावर सक्ती नसते, त्यांनी दिलं नाही.

मॅडमनी मला कामावर येऊ नको म्हणून निरोप पाठवला. समितीने त्यांच्याविरुद्ध वकील परिषदेला कळवलंय. माझ्याविरुद्धही. ते योग्यच आहे.

काल घरी सगळे जमले. मला समोर बसवलं नाही, उभंच ठेवलं. भाऊजी खाली बघत होते. ताई म्हणाली, "केसाने गळा कापलास माझा. वहिनीत काही खोट निघाली नसती. तू ते सगळं उकरलंस म्हणून त्या डॉक्टरांना संशय आला." दादा म्हणाला, "शिकून हेच केलंस? घरच्या भांड्यातलं घाण पाणी चार लोकांत नेऊन ओतलंस." आई आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

वहिनी दाराला टेकून उभी होती, पिल्लूला कडेवर घेऊन. मी वाट बघत होते. खरं सांगायचं तर वाटच बघत होते. सगळं नको, एक वाक्य, अर्धं, नुसता माझ्या बाजूने सोडलेला एक श्वास.

"मी तर तयारच होते, ताई," वहिनी म्हणाली. "हिनेच घोळ घातला."

माझ्याकडे न बघता. पिल्लूची टोपी सारखी करत.

एका वाक्यात मी सुटले असते. जिना, दुपटं, बसस्टॉप. ओठापर्यंत आलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि फक्त वहिनी बघत नव्हती.

"हो," मी म्हणाले. "वहिनी तयार होती. चूक माझीच."